साडेचार किलोमीटरचा हिशेब

प्रति,
नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन; नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण; आणि महामेट्रो यांचे वरिष्ठ अधिकारी



नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला राज्य सरकारने २०१९ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा त्यात पाच मार्ग होते आणि लांबी सुमारे ४८.३ किलोमीटर होती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राची मंजुरी आली ती ४३.८ किलोमीटरच्या चार मार्गांना. बुटीबोरी, कन्हान, हिंगणा आणि कापसीचे ट्रान्सपोर्ट नगर टिकले. गळला तो वासुदेवनगर ते दत्तवाडी हा साडेचार किलोमीटरचा तुकडा. म्हणजे आमची वाडी.

तो मार्ग परत द्या, ही या पत्राची मागणी नाही. वाडीला मेट्रोपेक्षा दर पाच-दहा मिनिटांनी सुटणारी बस जास्त उपयोगाची ठरेल, असेही असू शकते. पण ते कोणत्या आकड्यांवरून ठरले? मार्ग धरताना इथून रोज किती प्रवासी मिळतील असे मानले होते, आणि वगळताना त्यातले काय बदलले? सामान्य वाडीकराला तपासता येईल असे उत्तर मला कुठे वाचायला मिळालेले नाही. केंद्राचे २०१७चे मेट्रो धोरण तर मेट्रो, बस आणि इतर पर्यायांची तुलना केल्याशिवाय प्रस्ताव पुढे नेऊ नका असे सांगते. ती तुलना लोकांसमोर यायला हवी.

हे सगळे आकडे वाहतुकीच्या मॉडेलमधून येतात. शहराचे लहान लहान विभाग पाडायचे, प्रत्येक विभागातून किती फेऱ्या निघतील, त्या कुठे जातील, कोणत्या वाहनाने आणि कोणत्या रस्त्याने, अशा चार पायऱ्यांनी अंदाज बांधायचा. १९५०च्या दशकात शिकागोच्या अभ्यासात रुळलेली ही रीत आपल्याकडेही चालते. रीत वाईट नाही. अडचण आहे ती रीत वापरण्याच्या आपल्या पद्धतीत. एखादा आराखडा हवा असला की सल्लागार संस्था नेमायची, तिने चौकाचौकांत मोजणीची पोरे बसवायची, अहवाल द्यायचा आणि जायचे. पुढचा आराखडा आला की पुन्हा पहिल्यापासून.

वाडीसारखे गाव अशा मोजणीत कधीच नीट सापडत नाही. महापालिकेची हद्द इथे संपते, म्हणून जकातीच्या काळात गोदामे इथे आली. 'ऑक्ट्रॉय फ्री झोन' हे नाव आजही पत्त्यांवर आहे. जकात गेली, १ जुलै २०१७ला जीएसटी आला, आणि देशाच्या मध्यावरचे नागपूर गोदामांसाठी आणखी सोयीचे झाले. खडगाव रोडला ट्रक भरतात-उतरतात ते रात्रीसुद्धा. अंबाझरीच्या आयुध निर्माणीची पाळी सुटते तेव्हा रस्त्याचे रूप वेगळे असते. हमाल पायी किंवा सायकलने येतो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, आणि मुंबईकडे जाण्याचा एक नवाच रस्ता शिवमडक्यापासून मोकळा झाला. कामाला कोण किती अंतर, कशाने जातो, हे २०११च्या जनगणनेत विचारले होते. २०२१ची जनगणना लांबली, त्यामुळे ते उत्तर जुनेच राहिले, आणि तेवढ्या काळात वाडीची नगर परिषद झाली.

मोजतानाही आपण माणसे मोजत नाही, वाहने मोजतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या कोष्टकात बस कारच्या दुपटीहून अधिक जागा अडवते, सायकल अर्धी किंवा त्याहून कमी. बसमध्ये पन्नास जण उभे-बसलेले असले तरी त्या आकड्यात ती फक्त मोठा अडथळा ठरते, आणि पायी चालणाऱ्याला त्यात जागाच नाही. या हिशेबातून निघणारे उत्तर बहुधा रुंद रस्ता किंवा उड्डाणपूल हेच असते. अमरावती रोडवर वाडीत उड्डाणपूल झाला. त्याने वरची वाहतूक सुटली असेल. खालून रस्ता ओलांडणाऱ्या बाईचा प्रश्न त्या हिशेबात कधी आलाच नव्हता.

अंदाज चुकणे हा गुन्हा नाही. संशोधक बेंट फ्लायव्हबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १४ देशांतले २१० प्रकल्प तपासले, तेव्हा दर दहा रेल्वे प्रकल्पांपैकी नवांत प्रवाशांचा अंदाज फुगलेला निघाला, आणि रस्त्यांच्या निम्म्या प्रकल्पांत चूक वीस टक्क्यांहून मोठी होती. आपल्या संसदेच्या स्थायी समितीनेही २०२२ मध्ये बऱ्याच मेट्रोंच्या कमी प्रवासीसंख्येवर बोट ठेवले. इंग्लंडमध्ये महामार्गांचे मोठे प्रकल्प सुरू झाल्यावर एका वर्षाने आणि पाच वर्षांनी अंदाज प्रत्यक्षाशी ताडून अहवाल प्रसिद्ध करतात. आपण हे नियमाने करत नाही, म्हणून दर नव्या आराखड्यात जुनी चूक नव्याने शिरते.

माझी मागणी अशी आहे. नागपूर महानगराचे वाहतूक मॉडेल प्राधिकरणाच्या स्वतःच्या मालकीचे असू द्या. ते सांभाळायला कायम नोकरीतले अभियंते आणि संख्याशास्त्रज्ञ नेमा. सल्लागार जरूर घ्या, पण मॉडेल आणि कच्चे आकडे त्यांच्यासोबत जाऊ देऊ नका. फास्टॅग, ई-वे बिल, बसची तिकिटे, मेट्रोची कार्डे यांतून रोज माहिती साठते आहे. व्यक्तीची ओळख काढून टाकून ती या कामाला लावा. गृहीतके मराठीत, सोप्या तक्त्यांत प्रसिद्ध करा आणि दरवर्षी सांगा, अंदाज काय होता आणि झाले काय.

हे आजच का? सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नागपूरभोवती १४८ किलोमीटरचा बाह्य वळण रस्ता आणि त्याला लागून चार वाहतूक केंद्रे मंजूर केली आहेत. वाडीतले किती ट्रक तिकडे जातील, किती इथेच राहतील, त्यांच्याबरोबर किती हमाल, ड्रायव्हर आणि टपरीवाल्यांची रोजी हलेल, हे केंद्रांचे आराखडे पक्के होण्याआधी कळायला हवे. त्यासाठी खडगाव रोड आणि वाडी नाक्यावर सलग आठवडाभर, रात्रीसह, पायी चालणाऱ्यांसकट मोजणी करा. तिचे आकडे वाडी नगर परिषदेच्या सभागृहात सगळ्यांसमोर ठेवा. त्या सभेला आम्ही येऊ.

आपला,
वाडीचा एक रहिवासी