पायी चालणाऱ्यांचा रस्ता

विनाअडथळा पदपथावरून चालता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेल्या जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. जे काम नगरपालिकेच्या अभियंत्याने फीत घेऊन करावयाचे, त्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला घटनेचा आधार घ्यावा लागावा, यातच आपल्या नगररचनेचे वर्गस्वरूप उघड होते.

२०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होती. ही सरकारचीच आकडेवारी. या मृत्यूंना अपघात म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु रस्ता रुंद करताना पदपथ कापला जातो, चौक ओलांडण्यास पुरेसा वेळ दिला जात नाही, तेव्हा तो निर्णय कोणीतरी कागदावर घेतलेला असतो.

हे अज्ञानातून घडते, असेही नाही. पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, हे भारतीय रस्ते काँग्रेसने २०१२ मध्येच लिहून ठेवले आहे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरणही संमत केले. उणीव आहे ती इच्छेची. मुंबईत वांद्र्याहून कलानगरकडे जाणारा आकाशमार्ग २००८ मध्ये खुला झाला. पुढे महानगर प्रदेशात असे अनेक आकाशमार्ग उभे राहिले. ज्याच्याजवळ वाहन नाही त्याने जिने चढावे आणि वाहनाने मात्र सपाट जमिनीवरून जावे, हा यामागचा न्याय! वृद्धाने, गर्भवतीने, चाकांच्या खुर्चीतील माणसाने काय करावे, याचे उत्तर त्या जिन्यांपाशी नाही.

पदपथ मोकळे करण्याची मागणी होताच पहिला हातोडा फेरीवाल्यावर पडतो. या सापळ्यात चळवळीने सापडू नये. उभी मोटार सुमारे दहा चौरस मीटर सार्वजनिक जागा अडविते. भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईला त्याचा पाचवा हिस्साही लागत नाही. तरी गाडी उचलली जाते ती तिची! २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर समितीत विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना किमान ४० टक्के जागा दिल्या आहेत. त्या समितीत बसूनच चालण्याची व विकण्याची जागा आखता येते. श्रमिकाला श्रमिकाविरुद्ध उभे करण्याची गरज नाही.

कार्यकर्त्यांनी आपापल्या प्रभागातील पदपथ स्वतः मोजावेत. जेथे १.८ मीटर जागा नाही, तेथील नोंद जाहीर करावी, अंध व अपंग नागरिकांना बरोबर घेऊन ते रस्ते चालून पाहावेत आणि अंदाजपत्रकाच्या चर्चेआधी ती यादी पालिकेसमोर ठेवावी. उड्डाणपुलावरील खर्चाच्या शेजारी पदपथांवरील खर्च मांडला की वेगळ्या भाषणाची आवश्यकता उरणार नाही. समतेचा विचार व्यासपीठावरून पुष्कळ सांगून झाला. आता तो रस्त्याच्या कडेला फीत लावून मोजावयाचा आहे.