पाच डॉलरांचे औदार्य

मजुरीवाढीचा प्रश्न निघाला की भांडवलदारांचे भाट हेन्री फोर्डचा दाखला हमखास देतात: मालक उदार असेल तर युनियन हवी कशाला? इतिहासाची साक्ष निराळी आहे. १९१३ साली डेट्रॉइटनजीकच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकता जुळणी-पट्टा आला आणि त्या एकसुरी, जीवघेण्या कामाला विटून कामगार पळू लागले. सुमारे १४ हजार जागा भरलेल्या ठेवण्यासाठी वर्षभरात ५२ हजार माणसे घ्यावी लागली! जानेवारी १९१४ मधील ५ डॉलर रोजाची घोषणा हा त्यावरचा उतारा होता. खर्च वाचविण्याची ती नामी युक्ती ठरली, अशी कबुली पुढे खुद्द फोर्डनेच दिली. शिवाय त्यातील सुमारे निम्मी रक्कम ‘नफ्यातील वाटा’ म्हणून मिळे, आणि तीही कंपनीच्या तपासनिसांनी कामगाराच्या घरी जाऊन त्याचे वर्तन पारखल्यावर.

७ मार्च १९३२ रोजी डिअरबॉर्न येथे काम मागणाऱ्या बेकारांच्या मोर्चावर पोलिसांनी व कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. पाच जणांचे प्राण गेले. १९३७ साली युनियनची पत्रके वाटावयास आलेल्या वॉल्टर रूथर व त्यांच्या सहकाऱ्यांना कंपनीच्या माणसांनी बेदम मारले. जनरल मोटर्स व क्रायस्लर यांनी त्याच वर्षी युनियनला मान्यता दिली होती. ‘उदार’ फोर्डने ती दिली १९४१ साली, कामगारांनी संप केल्यावर.