टुकार बोलपट पाहावेत काय ?

सुटीच्या दिवसांत पालकवर्गाकडून एक तक्रार वारंवार आमच्या कानीं येते. ती अशी कीं, मुलें चांगले बोलपट सोडून मुद्दाम टुकार बोलपट शोधून काढतात. चार सोबती जमवून परग्रहावरील राक्षसांचे व थडग्यांतून उठणाऱ्या प्रेतांचे जुने अमेरिकन बोलपट लावतात, आणि जेथें भीति वाटावी तेथें पोट धरधरून हंसतात. यांत कालापव्ययावांचून दुसरें काय साधतें, असा पालकांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. तथापि आमचें उत्तर पालकांस रुचेलच असें नाहीं, आणि विद्यार्थ्यांसही तें सर्वस्वीं गोड लागेल असें नाहीं.

या जातीच्या बोलपटांत अग्रपूजेचा मान 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' या चित्राकडे जातो. एडवर्ड वुड नांवाच्या दिग्दर्शकानें तें १९५६ सालीं घेतलें व १९५७ सालीं तें प्रथम दाखविण्यांत आलें. पुढें १९८० सालीं मेडव्हेड बंधूंनीं आपल्या पुस्तकांत त्यास 'आजवरचा सर्वांत वाईट बोलपट' ही पदवी दिली, आणि तेव्हांपासून त्याची कीर्ति वाढतच गेली. कथानक असें : पृथ्वीवरील माणसें उद्यां सूर्यप्रकाशाचाच स्फोट घडवून विश्वाचा नाश करतील, या भयानें परग्रहवासी येतात व मनुष्यजातीनें आपलें ऐकावें म्हणून मेलेल्यांस उठवितात. अमेरिकेनें १९५२ सालीं हायड्रोजन बाँबची चांचणी केली होती हें लक्षांत घेतां ही कल्पना कांहीं अगदींच पोरकट नव्हे. परंतु तिची मांडणी ! विमानचालकांच्या खोलीस न्हाणीघरांतला पडदा टांगलेला. थडगीं अशीं कीं धक्का लागतांच डुलावींत. एकाच प्रसंगांत मोटार दिवसाढवळ्यां धांवते आणि क्षणांत काळोखी रात्र होते. उडत्या तबकड्यांचे दोरे तर लहान मुलासही दिसतात. त्या तबकड्या म्हणजे जेवणाच्या कागदी ताटल्या होत्या अशी एक दंतकथा आहे. वस्तुतः तीं बाजारांत मिळणारीं खेळणीं होतीं.

या चित्रांत बेला लुगोसी हा नट दिसतो. १९३१ सालच्या 'ड्रॅक्युला'नें जगप्रसिद्ध झालेला हा मूळचा हंगेरियन नट उतारवयांत विपन्नावस्थेस पोंचला होता. १९५६ च्या ऑगस्टमध्यें तो वारला, तेव्हां वुडपाशीं त्याचीं कांहीं मिनिटांचीं मुकीं दृश्यें शिल्लक होतीं. वुडनें त्यांच्याभोंवतीं कथा रचली, आणि उरलेल्या प्रसंगांत आपल्या पत्नीच्या मणके बसविणाऱ्या वैद्यास उभें केलें. हा गृहस्थ लुगोसीहून चांगलाच उंच. म्हणून तो सबंध चित्रभर काळा झगा नाकापर्यंत ओढून हिंडतो. आम्हीं हा भाग प्रथम पाहिला तेव्हां आम्हीही मनसोक्त हंसलों. मागाहून ही हकीकत कळली. त्यानंतर हंसूं थांबलें असें नाहीं, पण त्यांत दुसरें कांहीं तरी मिसळलें.

या चित्रास पैसा पुरविला तो एका बाप्टिस्ट मंडळींतील सभासदांनीं. नफा झाल्यास त्यांतून धार्मिक बोलपट काढावे असा त्यांचा हेतु होता. चित्राच्या मूळ नांवांत थडगीं लुटणाऱ्यांचा उल्लेख होता, तो त्यांनीं बदलावयास लावला; शिवाय कित्येक नटांस बाप्तिस्मा घ्यावा लागला. असा पवित्र संस्कार सौद्यांत घालूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. बोलपट तर त्यानें तिळभरही सुधारला नाहीं.

आतां, असली चित्रें पाहून मुलांस लाभ काय ? चांगल्या शिंप्याच्या कोटाची शिवण दिसत नाहीं. ती पाहावयाची तर बिघडलेला कोटच हातीं घ्यावा लागतो. प्रकाश, पार्श्वपट, जोडकाम हीं सर्व कामें कोणी तरी करीत असतें, हें मुलास तीं फसल्यावरच प्रथम उमगतें. १९५३ सालच्या 'रोबॉट मॉन्स्टर'मधील यंत्रमानव म्हणजे गोरिलाच्या कातड्यावर पाणबुड्याचें शिरस्त्राण चढविलेला एक नट. यंत्रमानव बनविण्यास पैसा नव्हता, आणि त्या नटाच्या घरीं गोरिलाचा पोषाख होता ! याच चित्राचें संगीत मात्र एल्मर बर्नस्टीन यांचें आहे. त्यांनीं पुढें ऑस्कर मिळविलें. सोंगास हंसणाऱ्यानें कान उघडे ठेवले तर त्यास हेंही सांपडेल.

येथवर आम्ही मुलांच्या बाजूचे. पुढें मात्र आमचें त्यांच्याशीं थोडें भांडण आहे. १९६६ सालीं टेक्ससमधील एल पासो गांवीं खतांचा व्यापार करणाऱ्या हॅरल्ड वॉरन यानें 'मॅनॉस' नांवाचा भयपट काढला. त्याचा कॅमेरा एका दमांत ३२ सेकंदांहून अधिक चालत नसे, आणि सर्व संवाद मागाहून दोघांचौघांनीं मिळून भरले. त्यांत काम करणारी एक सात वर्षांची मुलगी पहिल्या खेळास नटूनथटून आली. पडद्यावर आपल्या तोंडून कोण्या मोठ्या बाईचा आवाज निघतांना ऐकून ती रडूं लागली. आणि भोंवतालचें थिएटर हंसत होतें. १९९३ सालीं एका दूरचित्रवाणी-कार्यक्रमानें या चित्राची टर उडवून तें पुन्हां जगापुढें आणलें. आज पुष्कळ मुलें मूळ चित्र पाहातच नाहींत. दुसऱ्यानें निवडलेले चार तुकडे व दुसऱ्यानें योजलेल्या कोट्या पाहून उसनें हंसतात. हें आम्हांस पसंत नाहीं. हंसावयाचें तर सबंध चित्र पाहून, त्याचे कंटाळवाणे भाग सोसून हंसावें.

वुड १९७८ च्या डिसेंबरांत, भाडें थकल्यामुळें बिऱ्हाडांतून निघावें लागल्यावर थोड्याच दिवसांत, वारला. त्यास मिळालेली ती पदवी त्याच्या कानीं पडलीच नाहीं.

या अंकासाठीं आम्हीं लेख मागितले, तेव्हां असल्या बोलपटांवर सर्वांत मोठ्यानें हंसणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या वहींत एक भुताची गोष्ट लिहिलेली होती असें आम्हांस उशिरा समजलें. "मुलें हंसतील" म्हणून त्यानें ती दिली नाहीं. ती गोष्ट आम्हांस हवी होती. पुढील अंकास अद्यापि अवकाश आहे. त्यानें ती आहे तशीच आणून द्यावी.