छतातली लाल कुपी

मंडळी, आपला माळशिरस भाग दुष्काळी. त्यामुळे लॉजमध्ये आगीसाठी स्प्रिंकलर बसवा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "एवढं पाणी आणायचं कुठून?" सिनेमात एकदम सगळ्या छतातून पाऊस पडताना दाखवतात, त्याचा हा परिणाम. खरं तर नेहमीच्या स्प्रिंकलरमध्ये प्रत्येक तोटीला काचेची छोटी कुपी असते. लाल कुपी साधारण ६८ अंशांना फुटते आणि तेवढीच तोटी सुटते. जिथे आग, तिथेच पाणी!

मात्र टाकी भरलेली हवी आणि लाईट गेली तरी चालणारा डिझेल पंप हवा. माझं स्पष्ट मत असं, की आगीसाठी राखलेलं पाणी ऐन उन्हाळ्यातही आंघोळीला वापरू नये. २००६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी-जुलैत ही यंत्रणा चालू असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घ्यावा लागतो. तो नुसता कागद ठरू नये.

२०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ जीव गेले, बरेचसे धुरात गुदमरून. वारीच्या दिवसांत आपल्याकडे गर्दी किती असते, हे वेगळं सांगायला नको. खोली घेताना गरम पाण्याची चौकशी आपण करतोच, तशी याचीही करावी.