पहिलं किट वजनावर घ्या

रोह्याला राहणाऱ्या माझ्या मामेभावाने गेल्या महिन्यात चौदाशे रुपयांचं ‘ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर किट’ मागवलं आणि मला व्हिडिओ पाठवला. दोन काचेच्या नळ्या, आत नारंगी उजेड, मागे गाणं चालू. ‘दादा, मी ट्यूब अ‍ॅम्प बांधला!’ बांधला म्हणजे चार स्क्रू पिळले, दोन नळ्या सॉकेटमध्ये खुपसल्या आणि अडॅप्टर लावला. पुढच्या रविवारी मी पेणहून मल्टीमीटर घेऊन गेलो. तो नारंगी उजेड नळीचा नव्हताच. सॉकेटच्या मधल्या भोकाखाली एलईडी लपवला होता. नळीच्या प्लेटवर २१ व्होल्ट. ही नळी ६जे१, जुन्या ६एके५ची चिनी बहीण. तिच्या डेटाशीटमध्ये प्लेटसाठी १२० ते १८० व्होल्ट लिहिलेत. आणि स्पीकर हलवत होती ती शेजारी हीटसिंकखाली बसलेली क्लास-डी चिप.

पोराची चूक नाही. माझा राग आहे तो सगळीकडे फुकट मिळणाऱ्या एका सल्ल्यावर : ‘पहिलंच आहे ना, मग सगळ्यात स्वस्त घे, हात बसेल.’ कशावर बसेल हात? स्क्रूड्रायव्हरवर?

पेणच्या माणसाला किट म्हणजे काय हे समजवावं लागू नये. हमरापूर-जोहे भागातून दर वर्षी टेम्पो भरभरून न रंगवलेल्या गणपतीच्या मूर्ती बाहेरगावी जातात. घेणारा ती कच्ची मूर्ती घासतो, रंगवतो, शेवटी डोळ्यांची आखणी करतो. चुकला तर मूर्तीच सांगते. ज्यात तुमच्याकडून काही चुकूच शकत नाही ते किट नव्हे. ती तयार मूर्ती, तुम्ही फक्त हार घातलात.

तर खरं स्वस्त किट कुठलं? माझं उत्तर सोपं आहे, पण लोकांना आवडत नाही. वॅट कमी करा, लोखंड कमी करू नका.

ईएल८४ ही नळी घ्या. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्सही ती बनवायची आणि जुन्या रेडिओवाल्यांकडे अजून एखादी सापडते. सिंगल-एंडेड क्लास-ए सर्किटमध्ये तिला प्लेटवर साधारण २५० व्होल्ट आणि ४८ मिलिअँपिअर लागतात. गुणाकार करा, १२ वॉट. तीच तिची मर्यादा. त्यातून स्पीकरकडे जातात फार तर पाच-साडेपाच वॉट, स्वच्छ म्हणावेत असे तीन-चार. बाकीची उष्णता. ९० डेसिबलच्या स्पीकरला तीन वॉट दिले तर एक मीटरवर सुमारे ९५ डेसिबल होतात. शेजारच्या काकू दार वाजवायला एवढे पुरतात.

आता नळीला हवाय पाच हजार ओहमचा भार आणि स्पीकर आहे आठ ओहमचा. मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो, फेऱ्यांचं प्रमाण २५ ला १. त्याच्या प्रायमरीतून ते ४८ मिलिअँपिअर डीसी सतत वाहतात, म्हणून लोखंडात हवेची फट ठेवावी लागते, आणि फट ठेवली की खालचे सूर टिकवायला लोखंड जास्त लागतं. तबल्याचा बायाँ इथेच जगतो किंवा मरतो. नळी बदलून ‘वॉर्म’ आवाज शोधणाऱ्यांनी आधी ही फट समजून घ्यावी. किट स्वस्त करायचं म्हटलं की विकणारा पहिली कात्री इथेच लावतो, कारण फोटोत लोखंड दिसत नाही. मी एका विक्रेत्याला ट्रान्सफॉर्मरचं वजन विचारलं. उत्तर आलं, ‘सर, कलर कुठला हवा?’

दुसरी अट सर्किटची. ब्रिटनच्या मुलार्ड कंपनीने पन्नाशीच्या दशकात ‘थ्री-थ्री’ नावाचा अ‍ॅम्प प्रसिद्ध केला : तीन नळ्या, तीन वॉट, ईएफ८६, ईएल८४ आणि ईझेड८०. सर्किट, प्रत्येक भागाची किंमत, कुठे किती व्होल्ट दिसायला हवेत, सगळं छापलेलं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी हे देता येत होतं. आज जो विक्रेता सर्किट देत नाही, त्याचं किट घेऊ नका.

आणि पैसे खरंच कमी असतील तर मोनो बांधा. हसू नका. स्टिरिओमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरही मोठा. एकच चॅनल बांधलात तर खर्च निम्म्याजवळ येतो आणि चूक शोधणंही निम्म्याने सोपं होतं. आजोबांनी ज्या रेडिओवर आयुष्यभर गाणी ऐकली तो मोनोच होता. (तो रेडिओ उघडून शिकू असं वाटत असेल, तर आत यूसीएल८२, यूवाय८५ अशी ‘यू’ने सुरू होणारी नावं आहेत का बघा. असतील तर त्याला मेन्स ट्रान्सफॉर्मर नाही, आणि धातूचा चॅसिस थेट घरच्या विजेला जोडलेला असू शकतो. त्याला हात लावू नका.)

बाहेरून किट मागवणाऱ्यांनी प्रायमरी किती व्होल्टची आहे ते वाचावं. ११० ची निघाली तर धूर. २२० ची असेल तर हिशोब करा : माझ्या घरी रात्री अकरानंतर मीटर २४५ दाखवतो. म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर ७ वर जातो आणि नळीच्या १२ वॉटच्या मर्यादेचं काय होतं ते वर आलंच आहे. २३० किंवा २४० चा टॅप हवा. त्यापेक्षा पॉवर ट्रान्सफॉर्मर इथेच गुंडाळून घ्यावा. ट्रान्सफॉर्मर वायंडिंग करणारे मुंबईत लॅमिंग्टन रोड भागात भेटतात. रोह्यात पंपाच्या मोटारी रिवायंड करणाराही विचारला तर करून देईल, फक्त वार्निश नीट मुरवायला सांगा. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमटपणात कोरडी वायंडिंग टिकत नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र त्याच्याकडे देऊ नका. त्यात प्रायमरी-सेकंडरीचे थर एकाआड एक गुंडाळतात, ते काम वेगळं.

आता ज्यामुळे हा लेख लिहायला बसलो ते. चौदाशेच्या बोर्डने मामेभावाला शिकवलं की ट्यूब अ‍ॅम्पला कुठेही बोट लावलं तरी चालतं. खऱ्या किटमध्ये ३०० व्होल्ट डीसी असतात. त्याने माणूस मरतो. ‘घरात आरसीसीबी आहे, ती पडेल,’ तो म्हणाला. नाही पडणार. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी मेन्सपासून अलग असते. तुमच्या अंगातून गेलेला करंट सेकंडरीकडेच परततो, आरसीसीबीला पत्ताही लागत नाही. त्याच्या घरी तीन पिनांच्या सॉकेटमधलं वरचं भोक नुसतंच होतं, मागे अर्थची वायर नव्हती. किटच्या आधी वायरमनला बोलवा. चॅसिसला अर्थ, प्रायमरीला फ्यूज, चालू मशीनमध्ये मापताना एक हात खिशात. आणि फिल्टर कपॅसिटरवर कायमचा एक ब्लीडर रेझिस्टर. ४७ मायक्रोफॅरडवर २२० किलोओहम लावला तर स्विच बंद केल्यावर सुमारे ५० सेकंदांत ३०० चे दोन व्होल्ट होतात. तो नसेल आणि नळी काढलेली असेल, तर बंद पडलेलं मशीनही दुसऱ्या दिवशी झटका देऊ शकतं.

मामेभावाने आता ईएल८४ चं मोनो घेतलंय. ट्रान्सफॉर्मर एसटीने आला, पिशवीचा बंद तुटला म्हणून कुरकुर केली. पहिल्यांदा चालू केला तेव्हा आम्ही स्पीकर नाही, आठ ओहमचा जाड रेझिस्टर जोडला होता, म्हणून गाणं नाहीच. व्होल्टेज मापली, कागदावरच्या आकड्यांशी जुळवली, स्विच बंद केला. मग दोघंही हात मागे बांधून मल्टीमीटरकडे बघत उभे राहिलो. २९४, १८०, ११०, ६७… मामीने विचारलं, ‘बिघडलं का रे?’