पायांखालची विद्या

पावसाळा ओसरत आला, कीं घरोघर रस्त्यांचा विषय निघतो. रिक्षा खड्ड्यांत आदळून सासूबाईंची कंबर धरलेली असते, चिरंजिवांची दुचाकी घसरलेली असते, आणि मग कंत्राटदाराच्या व नगरपालिकेच्या नांवानें यथेच्छ बोटें मोडलीं जातात. त्यास कारण नसतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु रस्ता मोडतो म्हणजे नेमकें काय होतें, हा प्रश्न विचारणारें माणूस शंभरांत एखादें. आणि त्या प्रश्नाला जन्म वाहणारें माणूस आपल्याच घरांतून निघालें, तर तें आपल्यास रुचेल कीं नाहीं, याविषयीं आम्हांस शंका आहे.

ही शंका उगीच आलेली नाहीं. एका वाचकभगिनीनें आम्हांस लिहिलें आहे कीं, तिची कन्या स्थापत्याची पदवी पहिल्या वर्गांत घेऊन बाहेर पडली असून तिला रस्तेबांधणीच्या शास्त्रांत पुढील पदवी, मग डॉक्टरेट आणि शेवटीं अध्यापन करावयाचें आहे. यजमान म्हणतात, एवढें शिकून खडीडांबरांत हात कशाला घालायचे? संगणकाची वाट धरावी. घरांतील आजीबाईंचा आक्षेप निराळा व, आमच्या मतें, अधिक मार्मिक आहे. मास्तरकीच करायची तर गणिताची कर, संस्कृताची कर. रस्त्याची म्हणून कसली आली आहे विद्या? बाईंना आमचा कौल हवा आहे. तो देण्यापूर्वीं एका घराण्याची हकीकत सांगतों. आजीबाईंना तरी ती आवडेल.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें नील्स लुडविग वेस्टरगार्ड या नांवाचे एक पंडित होऊन गेले. संस्कृत धातूंचा त्यांचा लॅटिन भाषेंतील कोश 1841 सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याच सुमारास ते हिंदुस्थान व इराणच्या प्रवासास निघाले. आपल्या मावळांत येऊन त्यांनीं बेडसें व भाजें येथील लेणीं पाहिलीं आणि त्यांचा वृत्तान्त 1844 सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत लिहिला. परत गेल्यावर ते प्राच्य भाषांचे अध्यापक झाले. त्यांचे पुत्र हाराल्ड लुडविग हे अर्थशास्त्र व संख्याशास्त्र यांचे प्राध्यापक. माणसें कोणत्या वयांत, कोणत्या धंद्यांत किती मरतात, याचा त्यांनीं आयुष्यभर हिशेब मांडला. आणि या पुत्राचे पुत्र हाराल्ड माल्कम, जन्म 1888, यांनीं गणित हातीं घेऊन रस्त्यावरील काँक्रीटच्या लादीचा विचार केला. आजा धातूंत, बाप मृत्युसंख्येंत आणि नातू रस्त्यांत! आपल्याकडे अशा नातवाविषयीं “घराण्याची विद्या बुडाली” असा उद्गार निघाला असता. आम्हांस मात्र या तिघांचें काम एकाच जातीचें वाटतें. समोर दिसणाऱ्या पसाऱ्याच्या खालीं जो नियम असेल, तो धीरानें उकलून काढावयाचा, एवढेंच तिघांनींही केलें.

नातवाचें शिक्षण कोपनहेगनच्या तंत्रविद्यालयांत झालें. 1911 सालीं पदवी मिळाल्यावर कांहीं काळ त्यांनीं प्रत्यक्ष बांधकामांत नोकरी केली, नंतर जर्मनींत जाऊन तेथील श्रेष्ठ गुरूंजवळ अध्ययन केलें आणि 1914 सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विश्वविद्यालय गांठलें. तेथें दोन वर्षांत डॉक्टरेट मिळाली व अध्यापन सुरू झालें. पूर्ण प्राध्यापकपद मिळावयास मात्र 1927 साल उजाडलें. अकरा वर्षें! मुलीच्या यजमानांनीं—चुकलों, वडिलांनीं—हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

त्या काळीं अमेरिकेंत मोटारी व मालट्रक यांचा सुळसुळाट होऊन घोडागाड्यांकरितां बांधलेले रस्ते धडाधड फुटूं लागले होते. इलिनॉय प्रांतानें बेट्स गांवाजवळ एक प्रयोगाचा रस्ता मुद्दाम बांधला, त्यांत विटा, डांबर व काँक्रीट यांचे निरनिराळ्या जाडीचे तुकडे घातले आणि 1922-23 सालीं त्यावरून भरलेले ट्रक फिरवून कोणता तुकडा केव्हां व कोठें फुटतो, हें पाहिलें. प्रयोग उत्तम होता. पण प्रयोग जें झालें तेवढेंच सांगतो. उद्यां ट्रक जड झाला, माती बदलली, तर काय होईल? तें सांगावयास गणित लागतें, आणि तें वेस्टरगार्डांनीं 1926 सालच्या आपल्या निबंधांत पुरविलें.

त्यांची कल्पना स्वयंपाकघरांतल्या माणसासही समजेल. कापसाच्या गादीवर जेवणाचा पाट ठेवावा आणि त्यावर मुलाला उभें करावें. मूल मधोमध उभें राहिलें तर पाट थोडा दबतो. कडेवर गेलें तर अधिक. कोपऱ्यावर गेलें तर कोपरा खालीं जातो आणि पाट मोडूं पाहतो. काँक्रीटची लादी हा पाट व खालची माती ही गादी. मध्यावर वा कडेवर चाक आलें तर लादी खालच्या अंगानें ताणली जाते; कोपऱ्यावर आलें तर वरच्या अंगानें. आणि काँक्रीटचा स्वभाव असा, कीं तें दाबास वीर पण ताणास भित्रें आहे. जेवढा दाब सोसतें त्याच्या सुमारें दहाव्या हिश्श्याइतकाच ताण सोसतें. म्हणून मध्य, कड व कोपरा या तीन ठिकाणीं ताण किती येतो, याचीं तीन सूत्रें त्यांनीं काढलीं. पुढच्या वर्षीं त्यांत ऊन व थंडी यांचा हिशेब आला. रात्रीं लादीचा वरचा थर निवून आकसतो आणि कडा वाळत घातलेल्या पापडासारख्या उचलतात. भर दुपारीं उलट होऊन मध्य फुगतो. चाकाचा ताण आणि सूर्याचा ताण यांची बेरीज लादीला रोज सोसावी लागते.

या सूत्रांतून दोन गोष्टी निघतात, त्या गृहस्थास व गृहिणीस सारख्याच कळण्याजोग्या आहेत. पहिली ही, कीं मातीच्या बळाच्या आंकड्याचें चतुर्थ मूळ घ्यावें लागत असल्यामुळें त्या आंकड्यांत थोडीफार चूक झाली तरी उत्तर फारसें बिघडत नाहीं. दुसरी गोष्ट जाडीची, आणि तेथें मात्र क्षमा नाहीं. जाडी दीडपट केली तर ताण सुमारें निम्म्यावर येतो. उलट दहा इंचांतला एक इंच कोणीं चोरला, तर ताण साधारण षष्ठांशानें चढतो. षष्ठांश म्हणजे थोडें वाटेल. परंतु काँक्रीट एका फटक्यानें फुटत नाहीं, लक्षावधि चाकांच्या फेऱ्यांनीं थकून फुटतें. त्यामुळें वाढत्या ताणाबरोबर त्याचें आयुष्य कितीतरी अधिक वेगानें घटतें. चोरलेल्या इंचाची पावती चोर बदलून गेल्यावर फाटते. नुसतीं बोटें मोडणाऱ्यास हें दाखवितां येत नाहीं. लादीचा गाभा कापून मोजणाऱ्यास व सूत्र जाणणाऱ्यास दाखवितां येतें.

वेस्टरगार्डांचें गणित निर्दोष होतें असें नव्हे. गादीचा प्रत्येक बिंदु शेजाऱ्याची पर्वा न करतां आपापला दबतो, असें त्यांनीं धरलें. खरी माती तशी वागत नाहीं. पुढें आर्लिंग्टन येथें सरकारी संशोधकांनीं खऱ्या लाद्यांवर मापें घेतलीं, तेव्हां कोपऱ्यावरचा ताण सूत्रापेक्षां जास्त भरला, कारण रात्रीं उचललेल्या कोपऱ्याखालीं मातीचा आधारच नसतो. सूत्राला दुरुस्ती झाली. त्यांनीं स्वतःही 1933 सालीं प्रयोगांचा निवाडा कसा करावा यावर लिहिलें, आणि युद्धानंतर विमानतळांच्या धांवपट्ट्यांसाठीं नवीं सूत्रें दिलीं. मधल्या काळांत हूव्हर धरणाला सल्ला दिला, भूकंपांत धरणावर पाण्याचा दाब किती येतो याचें प्रसिद्ध गणित केलें, हार्वर्ड येथें 1937 पासून 1946 पर्यंत अभियांत्रिकी शाखेचें प्रमुखपद सांभाळलें, आणि अणुबाँबनें हिरोशिमा व नागासाकी येथें झालेली इमारतींची पडझड तपासणाऱ्या मंडळांतही काम केलें. 1950 सालीं ते वारले. त्यांचे गुरुबंधु व शिष्य यांचीं नांवें सामान्य वाचकास ठाऊक नाहींत, तशीं त्यांचेंही नाहीं. मात्र आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील ज्या विद्यार्थ्यानें रस्त्यांचा विषय घेतला, त्यानें हें नांव परीक्षेच्या आदल्या रात्रीं घोकलेलें असतेंच.

आपल्याकडील रस्त्यांच्या विद्येचें मूळही एका विद्वानाच्याच हातून रुजलें. 1927 सालीं नेमलेल्या रस्ते-समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे होते, जे पुढें पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु झाले. त्या समितीच्या शिफारशींतून 1929 सालीं मध्यवर्ती रस्ते निधि आणि 1934 सालीं इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था निघाली. दिल्लीची रस्ते-संशोधन संस्था मात्र 1952 सालीं उभी राहिली. कायदेपंडितास रस्त्याचा विषय हलका वाटला नाहीं, हें आजीबाईंना अवश्य सांगावें. आणखी एक सांगावें. भाज्याच्या लेण्यांकडे मळवली स्टेशनावरून पायीं निघालें, म्हणजे वाटेंत 2002 सालीं पूर्ण झालेला मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग ओलांडावा लागतो. तो काँक्रीटचा आहे. आजोबांनीं ज्या डोंगरांतील लेणीं पाहिलीं, त्याच डोंगराच्या पायथ्याशीं नातवाच्या प्रश्नावरून रात्रंदिवस चाकें धांवत आहेत.

आतां आमचा कौल. मुलीला जाऊं द्यावें. परंतु तिनें डोळे उघडे ठेवून जावें. या विद्येंत कीर्ति थोडी व वाट पाहणें फार. मातीचा नमुना चार दिवस पाण्यांत भिजवावयाचा, मग त्यांत दांडा दाबून त्याचें बळ मोजावयाचें, आणि आपल्या दख्खनच्या काळ्या मातीचें बळ शेंकडा दोन-तीन निघालें म्हणजे पुन्हां चुना मिसळून आरंभ करावयाचा. असे दिवसच्या दिवस जातात. आज घातलेला प्रयोगाचा रस्ता खरें काय तें सांगावयास पंधरा-वीस वर्षें घेतो. अमेरिकेंत 1958 ते 1960 या काळांत एका मोठ्या चाचणींत ट्रकांच्या अकरा लक्षांहून अधिक फेऱ्या करून हा काळ आंखडता घेतला गेला, आणि आंसावरचा भार दुप्पट झाला कीं रस्त्याची हानि सुमारें सोळापट होते, हें कळलें. पण तसा खर्च दर वेळीं कोण करणार? वेतनाच्या बाबतींत यजमानांचें म्हणणें आम्हांस खोडून काढतां येत नाहीं. संगणकवाल्यांची बरोबरी आरंभीं तरी होणार नाहीं.

प्रवेश ‘गेट’ परीक्षेवर मिळतो. खरगपूर, रुरकी, मुंबई, मद्रास येथील संस्थांत हा विषय शिकविला जातो. संस्थेच्या नांवापेक्षां कोणते अध्यापक कशावर काम करीत आहेत, हें तिनें आधीं त्यांचे निबंध वाचून ठरवावें. आणि अर्ज करण्यापूर्वीं येत्या मे महिन्यांत एखाद्या रस्त्याच्या कामावर पंधरा दिवस उभें राहावें. डांबराचा वास, तापलेली खडी व मुकादमाचीं बोलणीं सोसूनही जाडी मोजण्याची हौस टिकली, तर यजमानांनीं खुशाल सही करावी.