सशाच्या दाताखालचे लाकूड

मुळशीत भूगावपासून पौडपर्यंत उभ्या राहिलेल्या बंगल्यांत आणि फार्महाऊसवर मुलांच्या हट्टापायी ससे येतात. पिंजरा येतो, गाजर येते. मग कुणीतरी सांगते, सशाला कुरतडायला लाकूड हवे. की कुंपणाची छाटणी करताना पडलेली फांदी उचलून पिंजऱ्यात टाकली जाते. आणि हे कुंपण बऱ्याचदा कण्हेरीचे असते.

लाल, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांची कण्हेर असो वा पिवळी बिट्टी, तिच्या पानांत, सालीत, बियांत हृदयाचे ठोके बिघडवणारे विष असते. माणसाचेही त्याने प्राण जातात, तर दीड-दोन किलोच्या सशाची काय कथा? फांदी वाळली म्हणून हे विष जात नाही. एरंड, रुई आणि घाणेरीही सशापासून लांबच ठेवावीत. सुबाभळीचा पाला शेळ्यांना घालतात म्हणून सशालाही घातला जातो. पण त्यातल्या मिमोसिनमुळे जास्त खाल्ल्यास सशाचे केस गळतात.

मुळात लाकूड हवे कशाला? सशाचे पुढचे दात आठवड्याला साधारण दोन-तीन मिलिमीटर वाढतात आणि दाढाही आयुष्यभर वाढत राहतात. मात्र दाढा झिजतात त्या गवत चघळून, लाकडाने नव्हे. लाकूड हा सशाचा विरंगुळा आहे. पावसाळ्यानंतर मुळशीत डोंगर-माळावर गवताला तोटा नसतो. असे असताना ससा गाजर आणि बिस्किटांवर ठेवायचा आणि दातांसाठी विकतचे लाकडी खेळणे आणायचे, हा उलटा कारभार झाला.

परदेशी पुस्तके सफरचंद आणि विलोच्या काड्या सुचवतात. त्यासाठी हिमाचलात जायला नको. फवारणी न केलेल्या तुतीच्या किंवा पेरूच्या वाळलेल्या काड्या, वाळलेल्या बांबूचे तुकडे पुरतात. बांबूचे कोवळे कोंब मात्र देऊ नयेत, त्यांत सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात.

खरी काळजी घराच्या लाकडाची. पिरंगुट परिसरात कारखाने आहेत, त्यामुळे मालाच्या खोक्यांच्या आणि पॅलेटच्या फळ्या भंगारात स्वस्त मिळतात, आणि सुतार त्यांचाच खुराडा ठोकून देतो. परदेशी व्यापारातल्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह आणि रोमन अक्षरे असतात. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेले. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. एमबीचे लाकूड घ्यायचेच नाही. पण एचटीचा शिक्का त्या फळीवर नंतर कोणते तेल किंवा रसायन सांडले ते सांगत नाही. डाग किंवा वास असलेली फळी चुलीतही घालू नये, मग सशाच्या तोंडी कशी द्यायची? प्लायवूड आणि एमडीएफ चिकटवायला बहुधा फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. जुन्या रंगवलेल्या दारांचे तर नावच नको. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाचे पोपडे ससा खातो आणि त्याच पिंजऱ्याशी खेळणारे तीन वर्षांचे पोरही ते तोंडात घालते. शिसे दोघांनाही घातक.

वखारीतला भुसा पिंजऱ्यात अंथरण्याची सवयही सोडावी. त्यात कोणकोणती लाकडे मिसळली हे वखारवालाही सांगू शकत नाही. सागाच्या भुशाने काहींच्या अंगावर खाजरे चट्टे उठतात. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने माणसातल्या कर्करोगाच्या निश्चित कारणांत धरले आहे. तो धोका सुतारकाम करणाऱ्यांचा, आठवड्यातून एकदा पिंजरा झाडणाऱ्या मुलाचा नव्हे. पण मुलाला दमा असेल तर एवढी धूळही पुरते. त्यापेक्षा भाताचा कोरडा पेंढा बरा, आणि तो मुळशीत घरोघर आहे. पावसाळ्यात मात्र पेंढा आणि लाकूड दोन्हींना बुरशी धरते, लाकडात मूत्र मुरून अमोनियाचा वास सुटतो. त्या चार महिन्यांत पेंढा दररोज बदलावा आणि फळ्या सुट्या काढून वाळवता येतील असा खुराडा करून घ्यावा.

ससा उलटी करू शकत नाही आणि दुखणे लपवतो. त्याने बारा तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा, आणि त्याने कुरतडलेल्या फांदीचा तुकडा पानासकट सोबत न्यावा.